मिलिंदचा गोधडीकोट

माझा भाऊ मिलिंद यानं आयुष्यात एक नोकरी धड केली नाही, लग्न केलं नाही, रेशनकार्ड सोडलं तर त्याचं नाव कुठे लागलं नाही. पण अंबरनाथपासून बदलापूरपर्यंतच्या पोरांनी अंगात काय घालावं, हे मात्र त्यानं ठरवलं. तेही एकदा नाही, दोनदा. पहिल्यांदा आणीबाणीच्या आगेमागे, आणि दुसऱ्यांदा परवापरवा, दोन हजार चार साली. तेव्हा तर शर्टाची बटणं खालीवर लागलीत, हेसुद्धा त्याला मलाच सांगावं लागायचं. हसू नका, खरं सांगतेय.

मी माया, त्याची थोरली बहीण. अंगणवाडीत दुसऱ्यांची पोरं सांभाळून रिटायर झाले, त्यामुळे आवाज जरा चढाच आहे. नवरा गेल्यावर मुलाला घेऊन माहेरीच राहिले, अंबरनाथ पूर्वेला, विहाराच्या मागच्या चाळीत.

आमचे आबा, रामभाऊ, काडेपेटीच्या कारखान्यात होते. पाळी संपवून आले की अंग घासघासून गंधकाचा वास काढायचे आणि मग पांढरा शर्ट चढवायचे. इस्त्रीचा! घरात बसायला! इस्त्री विकत घ्यायची ऐपत नव्हती तेव्हा तांब्यात निखारे घालून आई ते शर्ट कडक करायची. आबांचं एकच पालुपद, "आपल्या आज्यापणज्यांनी लोकांनी टाकलेलं घातलं. आता धुतलेलं, अंगभर आणि आपलं घालायचं. बाबासाहेबांनी सूट काय मिरवायला घातला होता?" आमच्या वस्तीत सुटाला फार मान. लग्नात नवरदेवाच्या अंगात सूट नसला तर लोक जेवणालाही नावं ठेवायचे.

तर मिलिंद मॅट्रिक झाला, घराण्यात पहिल्यांदा कुणी कॉलेजात निघालं, तेव्हा आबांनी त्याला उल्हासनगरला टेलरकडे नेलं. नेव्ही ब्लू टेरीवूल, आत सॅटिनचं अस्तर. कोट आणला त्या दिवशी आबा चाळीत प्रत्येकाच्या दारात पाच-पाच मिनिटं थांबले. मिलिंद मागे हँगर धरून उभा.

कॉलेजात त्याला डफ वाजवणारी, स्वतःची गाणी रचणारी पोरं भेटली. आवाज त्याचा मुळात खणखणीत. वर्षभरात तो पुढारी झाला आणि एका दुपारी तोच कोट आईपुढे टाकून म्हणाला, "आई, कोपरावर, खांद्यावर, खिशावर फाड. आणि तुझ्या गोधडीचे तुकडे लाव."

आई म्हणजे सरस्वती. अख्ख्या चाळीच्या गोधड्या शिवायची. ती म्हणाली, "डोकं फिरलंय का तुझं? नवा कोट आहे."

"म्हणूनच. आपल्या माणसांनी पिढ्यान् पिढ्या फाटकं घातलं त्याची लाज आपल्याला कशाला? ज्यांनी फाटकं ठेवलं त्यांना वाटू दे. मी स्टेजवर तेच घालून उभा राहणार."

आता यात चूक काय होतं, तुम्ही सांगा. आणि आबांचं तरी काय चूक होतं? दोघंही एकाच गोष्टीवर चिडलेले. फक्त एकानं त्यासाठी इस्त्री हातात घेतली आणि दुसऱ्यानं कात्री मागितली.

आईनं नाही म्हणून पाहिलं. त्यानं जेवण सोडलं. शेवटी ती म्हणाली, "बरं, ठेव तिथं. पण पुढ्यात बसू नकोस, मला सुचत नाही." तो कल्याणला गाण्याच्या कार्यक्रमाला गेला आणि परत आला तेव्हा कोट तयार होता. दोन्ही कोपरांवर, खांद्यांवर, पाठीवर, छातीच्या खिशावर जुन्या लुगड्यांचे तुकडे, आणि त्यावर तिचा तो गोधडीचा धावदोरा. खरं सांगू? इतका देखणा दिसत होता की मला पण हवासा वाटला. आबा कारखान्यातून आले. त्यांनी कोट पाहिला. आईला विचारलं, "फाडलास?" आईनं मान खाली घातली. मग मिलिंदकडे वळून म्हणाले, "हा कोट मी शिवून आणला तसा, अखंड, अंगात घालून माझ्यासमोर ये. त्या दिवशी तुझ्याशी बोलेन."

फाटलेला कोट अखंड कसा होणार? संपलं. त्या दिवसापासून आमच्या घरात बापलेकांचं बोलणं बंद झालं.

बाहेर मात्र कहर झाला. मिलिंद तो कोट घालून स्टेजवर उभा राहायचा, बाह्या सरकवून, एक खांदा जरा खाली टाकून. महिन्याभरात वस्तीतल्या पोरांच्या गुडघ्यांवर ठिगळं दिसायला लागली. चांगल्या पँटींवर! बदलापूरची पोरं यायची बघायला. पोरींचं तर विचारूच नका. त्यांच्या आया आमच्या आईशी भांडायला दारात. "तुमच्या दिवट्यामुळं आमच्या पोरानं शाळेची पँट कापली, सरस्वतीबाई!" खांदा खाली टाकून चालायचीही साथ आली होती. आबा नाक्यावर गेले की पुढ्यात दहा मिलिंद उभे. मान तरी कुठे वळवणार बिचारे?

मग व्हायचं ते झालं. एका मोर्चात पोलिसांनी मिलिंदला असा बडवला की एक कान कायमचा गेला. गाण्याची पार्टी फुटली. ढोलकीवाला बँकेत चिकटला, जोडीला गाणारा नगरसेवक झाला आणि सफारी घालायला लागला. मिलिंद एकटाच राहिला, कोटासकट. आधी दारू, मग दारूशिवाय काहीच नाही, मग रात्र रात्र भिंतीशी बोलणं. ठाण्याला इस्पितळात दोनदा ठेवला. बरा होऊन यायचा, पुन्हा बिघडायचा. दुसऱ्या खेपेनंतर दारू सुटली, पण हात थरथरायचे ते थरथरतच राहिले. कोट मात्र अंगावरून उतरला नाही. मे महिन्यात सुद्धा! माणूस घामानं भिजलाय, पण कोट आहे. एकदा मी त्याचा उसवलेला टाका घालायला घेतला तर आई अंगावर आली. "तो कोट दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायचा नाही. टाका निघाला तर मीच घालीन." मला राग आला. म्हटलं, मला काय शिवता येत नाही का? पण ती ऐकेना.

आबांनी त्याला घराबाहेर काढला नव्हता हां. मागे पत्र्याची खोली बांधून दिली. मध्ये एक पातळ पत्रा, इकडे शिंकलं तर तिकडे ऐकू यावं असा. तरी बोलायचं माझ्यामार्फत. आबा म्हणायचे, "त्याला सांग, जेवून घे." मी तोंड उघडायच्या आत पत्र्यापलीकडून आवाज, "ताई, त्यांना सांग, भूक नाही." अशी वर्षं गेली. आई गेली त्या दिवशी हे दोघं तिच्या दोन बाजूंना बसले होते. मला वाटलं, आता तरी बोलतील. आबा मला म्हणाले, "त्याला सांग, खांदा द्यायला ये." मी तेव्हा आईसाठी रडत होते की या दोन दगडांसाठी, मलाच कळत नव्हतं.

आबांनी पंचाहत्तरी ओलांडली, डोळ्यांत मोतीबिंदू झाला, छातीत दुखायला लागलं. माझी एकच इच्छा उरली होती. आबांनी डोळे मिटायच्या आत या दोघांनी एकमेकांशी एक वाक्य बोलावं. कसलंही. शिवी चालेल.

आता दोन हजार चार. माझा मुलगा राजरत्न उल्हासनगरला तुलसीशेठच्या जीन्सच्या कारखान्यात लागला. आबांनी कौतुकानं विचारलं, "काय काम असतं रे?"

"नव्या पँटी फाडतो, आजोबा."

आबांचा घास हातातच राहिला. "कशाला?"

"फॅशन आहे. गुडघ्यावर ब्रश मारायचा, ब्लेड लावायचं, मग धुवायला पाठवायचं. माझा हात चांगलाय म्हणतात शेठ."

आबांनी घास ताटात ठेवला आणि एकच विचारलं, "पीएफ कापतात का?" पत्र्यापलीकडे मिलिंद खो खो हसला. कित्येक वर्षांनी हसला असेल.

एकदा राजरत्न डबा विसरला आणि मिलिंद तो द्यायला कारखान्यात गेला. तुलसीशेठनं त्याला पाहिलं आणि त्याच्याभोवती फेऱ्याच मारायला लागले. "साईं, ये पीस कहाँ का है? इटली?" मिलिंद म्हणाला, "आईनं बनवलाय." शेठ म्हणाले, "इसका पॅटर्न निकालने दो. पूरा मार्केट में यही चलेगा." बाजारात तशी रीतच आहे. कुठलाही चांगला पीस मिळवायचा, उसवून सुटा करायचा, एकेक भाग पुठ्ठ्यावर ठेवून आखायचा आणि तस्सेच हजार काढायचे.

मी नाही म्हणाले. आईचं वाक्य आठवलं मला. पण मिलिंद हवेत होता. "ताई, पोरं पुन्हा घालणार. मी मेलो नाहीये." चक्क आंघोळ केली, दाढी केली, केसांना तेल लावलं. मला सोबत चल म्हणाला. त्याचा तो चेहरा पाहून मला नाही म्हणवेना.

कारखान्यात त्याला खुर्ची दिली, चहा दिला. शिलाई मशीनवरची पोरं मान वर करून बघत होती आणि हा एक खांदा खाली टाकून बसलेला. कटिंग मास्तरनं कोट टेबलावर पसरला. कोपराचं ठिगळ घेतलं, धावदोरा कापला, ओढला. ठिगळ अलगद सुटून आलं. मास्तर थांबला. त्यानं खांद्याचं काढलं. मग पाठीचं. मग अस्तर उचलून आत हात घातला आणि म्हणाला, "शेठ, ये तो कहीं से फटा ही नहीं है."

ठिगळाखालचा कपडा अखंड होता. बाकी कोट उन्हानं उडालेला, आणि ठिगळाच्या जागी नवाकोरा गडद निळा, आबांनी आणला तेव्हाचा. आईनं कात्री लावलीच नव्हती. अख्ख्या कोटावर नुसती वरून ठिगळं टाचली होती, लांब लांब टाक्यांनी, पोरगं शुद्धीवर आलं की एका बैठकीत काढता येतील अशी. अस्तर होतं, त्यामुळे आतून कुणाला कळायचा प्रश्नच नाही. म्हणूनच ती कुणाला हात लावू देत नव्हती! अगं आई, काय बाई होतीस गं तू!

मला एकीकडे हसू आणि एकीकडे रडू. मिलिंद मात्र पांढराफटक पडला. "खोटं आहे," म्हणाला. मास्तरनं कोट उजेडाकडे धरून दाखवला. मिलिंदनं कोपराच्या जागेवरून बोट फिरवलं. "म्हणजे मी इतकी वर्षं चांगला कोट घालून फिरलो?"

तुलसीशेठना याचं काही सुखदुःख नाही. ते मास्तरवर ओरडले, "नहीं फटा तो अपने वाले में फाड़ो! नीचे से ब्लेड मारो, तभी तो फॅशन है." झालं. मास्तरनं कोट न उसवता तसाच पुठ्ठ्यावर ठेवून आखून घेतला. ज्या कोटावरून पुढे हजारो कोट फाडले गेले, तो एकटाच तेवढा धड होता.

मिलिंद उठला आणि शर्टावरच बाहेर चालू लागला. कोट घेतलाच नाही. मी तो उचलला आणि टेबलाखाली शिरून चिंध्यांच्या ढिगातून आईची ठिगळं वेचली. शेठ म्हणाले, "बाई, वो तो कचरा है." मी म्हटलं, "कचरा असेल तुमच्या घरी."

रिक्षात बसले आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. कोट अखंड आहे! आबांची अट! मिलिंदनं तो अंगात घालून समोर उभं राहायचं, बस्स, एवढंच! मी घरी येऊन कोट धुतला, वाळवला, इस्त्री केली आणि त्याच्यापुढे धरला. "घाल. आत्ता घाल आणि चल आबांसमोर."

"नाही घालणार."

"अरे का?"

"धड कोट घालून बाहेर पडू? लोक काय म्हणतील?"

घ्या! ‘लोक काय म्हणतील’ म्हणणाऱ्यांना आयुष्यभर शिव्या घातल्या, आणि आता यालाच लोकांची काळजी पडली. मी त्याच्या पाया पडायची बाकी राहिले. तो भिंतीकडे तोंड करून झोपला. "तिनं फसवलं मला," एवढंच बोलत राहिला. दोन दिवस अन्नाला शिवला नाही. पुन्हा इस्पितळ नको, म्हटलं.

शेवटी मीच कोट आणि ठिगळांचं गाठोडं घेऊन आबांच्या पुढ्यात बसले आणि सगळं सांगितलं. आबांनी चष्मा लावला, कोट दाराच्या उजेडात नेला. बाही उलटी करून पाहिली, सुलटी करून पाहिली. नखानं शिवण चाचपली.

"फाडला नव्हता तिनं."

"नाही, आबा."

"मग मला का नाही सांगितलं?"

मला संतापच आला. "कसं सांगणार? तुम्ही त्या क्षणाला जाऊन त्याला ऐकवलं असतंत, आणि त्यानं त्या क्षणाला खरंच टराटरा फाडला असता. तुम्हा दोघांना ओळखून होती ती!"

आबांनी गाठोडं सोडलं आणि एकेक ठिगळ हातात घेऊन बघायला लागले. इतकी वर्षं त्या कोटाकडे त्यांनी धड पाहिलंच नव्हतं. हिरवं हातात आलं तेव्हा म्हणाले, "हे पहिल्या पगाराचं पातळ." मग चौकड्याचं. "हे तुझ्या वेळचं, बारशाला नेसली होती." मग ते खिशावरचं आलं. मळून, घामानं तपकिरी झालेलं. मला ते कित्येक वर्षं गोणपाटाचंच वाटायचं. आबांनी ते उलटं केलं. आतली बाजू पांढरी होती.

त्यांचे हात थांबले. "माये, हे नागपूरचं."

मी चार वर्षांची होते तेव्हा आबा-आई नागपूरला दीक्षेला गेले होते. मी आबांच्या खांद्यावर, मिलिंद आईच्या कडेवर. पांढरं नेसून यायचं होतं. आईकडे पांढरं नव्हतं, आबांनी कुठून तरी मिळवलं होतं. ते लुगडं पुन्हा तिनं कधी नेसलं नाही, आणि कुठे गेलं तेही कुणाला कळलं नाही. ते मिलिंदच्या छातीवर होतं. आणि आबांनी त्यालाच चिंधी म्हणून तोंड फिरवलं होतं. आबा रडले. आई गेली तेव्हा न रडलेले आबा ते ठिगळ तोंडाला लावून रडले. पत्र्यापलीकडे खाट करकरली.

मग त्यांनी डोळे पुसले. "तिचा सुईदोऱ्याचा डबा आण."

मी आणला. आबांनी सुई घेतली, दोरा घेतला. मोतीबिंदूचे डोळे, दोरा जाईना. इकडून प्रयत्न, तिकडून प्रयत्न. मी हात पुढे केला तर माझा हात झटकला. पत्र्याकडे तोंड केलं. मला वाटलं, आता म्हणणार, त्याला सांग.

"मिलिंद," आबा म्हणाले, "सुईत दोरा ओवून दे."

मी डब्याचं झाकण हातात धरून तशीच बसले.  मग मागचं दार वाजलं. बनियनवर, दाढी वाढलेला मिलिंद येऊन उंबऱ्यात उभा राहिला. आबांच्या अटीतलं काहीएक त्याच्या अंगावर नव्हतं. तो खाली बसला आणि सुई घेतली. आता याचे हात थरथरणारे. याचाही दोरा जाईना. बापाला दिसेना आणि लेकाचा हात ठरेना. आबांनी दोन्ही हातांनी त्याचं मनगट घट्ट धरलं. दोरा गेला.

आबांनी पांढरं ठिगळ खिशावर ठेवलं, पांढरी बाजू वर.

"तिरकं होतं ते," मिलिंद म्हणाला.

"सरळ लावतात."

"आईनं तिरकं लावलं होतं. आणि आधी खालून फाडा, नाहीतर ते खोटं होईल."

"कात्रीला हात तर लाव, तंगडं मोडीन. होऊ दे खोटं. तुझ्या आईनं केलं तेच करायचं."

"तिनं फसवलं मला!"

"मला काय कमी फसवलं? धर नीट, हलवू नकोस!"

आवाज चढले. चाळीतली माणसं दारात आली, काय झालं, काय झालं करत. आमच्या घरात भांडण लागलं की सोडवायला पहिली धावते ती मीच. त्या दिवशी मी आत जाऊन स्टोव्ह पेटवला आणि चहाचं आधण ठेवलं. दोघं बाहेर एकमेकांवर ओरडत होते, आणि मी भिंतीला टेकून ऐकत उभी राहिले.